शुद्धिपत्र

अमळनेरला, पोस्टामागच्या गल्लीत,
भाच्याच्या मोबाइल दुकानात बसून
मी माझं पुस्तक अपलोड केलं.
भाचा म्हणाला, मामा, आधी एकही प्रत छापायची नाही.
कुणी मागितली की छापतात. एकानं मागितली, एक.
म्हटलं, म्हणजे भाकरीसारखं.
म्हणाला, हां. कळण्याची. तव्यावरून थेट.

आमच्या प्रेसमध्ये पाचशेच्या खाली
मालक मशीनला हात लावू देत नसत.
एकतीस वर्षं मी तिथे खिळे जुळवले :
लग्नपत्रिका, जिनिंगची पावतीबुकं, जत्रेची हँडबिलं.
पुस्तकात त्याच एकतीस वर्षांच्या चुका आहेत, तारीखवार.
पारोळ्याच्या नवरीचा अनुस्वार गळाला,
'चि. सौ. का' असं छापून गेलं, जणू कुणी शंका काढतंय.
बोरीकाठच्या जत्रेत कुस्त्यांच्या जागी
'भव्य कुत्र्यांची दंगल'.
(गर्दी दुप्पट झाली होती, तेही लिहिलंय.)

ळ कायम कमी पडायचा.
गावाच्याच नावात ळ, आणि ळच्या खणात धूळ,
तिलाही ळ लागतो.
ट्रेडल मारणारा सुपडू, अक्षर न येणारा,
पाय न थांबवता म्हणायचा,
"भाऊ, य लाव ना. आपली बोलीमा ळ शेच कोठे?"
एकदा खरंच लावला. 'अमयनेर'.
एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही.

भाच्यानं प्रकार निवडला : प्रेरणादायी.
चुकांसाठी वेगळा रकाना नव्हता.
किंमत एकशेवीस, मला प्रतीमागे अकरा रुपये.
मग पडद्यावर लाल ओळ आली :
कण्यावर नाव हवं असेल तर किमान ऐंशी पानं.
माझी चौऱ्याहत्तर.

कपाटात उभं केलं की पुस्तकाचा कणाच तेवढा दिसतो,
मुखपृष्ठ कुणाला दिसतं?
भाचा म्हणाला, टाईप मोठा करू, समास वाढवू.
ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून
मी जन्मभर पानं फुगवली आहेत, लेका.
इथे नको.

सहा पानांची एक चूक माझ्याकडे होती.
यादीत घेतली नव्हती.

उत्तरकार्याचं कार्ड. कापसाचे व्यापारी, दोघे भाऊ.
थोरला गेला, धाकटा बोलावतोय.
लग्नसराईची रात्र, डोळे चुरचुरत होते,
मी दोन ओळींची अदलाबदल केली.
सकाळी तीनशे घरांत
मेलेला भाऊ जिवंत भावाच्या तेराव्याला बोलावत होता.

मालकांनी विचारलं, कुणी केलं?
मी म्हणालो, फर्मा आवळताना ओळी हलल्या असतील.
फर्मा सुपडू आवळायचा.
तो माझ्याकडे बघत राहिला. ओळ म्हणजे काय
हे त्याला माझ्याकडूनच कळायचं.
दुपारी चप्पल घालून गेला.
केळीच्या गाड्या भरतो म्हणे, रावेरकडे कुठेतरी.
इतकंच पुढे कानावर आलं, तेही उडत.

सहा पानं लिहायला चार महिने लागले.
आडनाव आठवेना. हजेरीपत्रकात नुसता 'सुपडू' होता.

पहिली प्रत मी माझीच मागवली.
कुरिअरवाल्या पोरानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फोन केला,
मामा, खाली या.
कण्यावर माझं नाव, मुंगीएवढं, जरा डावीकडे सरकलेलं.
आणि पान अठ्ठ्याहत्तरवर सुपडूचा 'सूपडू' झालाय.
भाचा म्हणाला, दोन मिनिटांचं काम,
फाईल बदलू, पुढची प्रत दुरुस्त निघेल.

तेवढ्यात त्यानं हिशेबाचं पान उघडलं.
विक्री : एक.
ठिकाण : सावदा.
नाव दाखवत नाहीत, मामा. त्यांचा नियम आहे.

कुणाला वाचून दाखवायला घेतलं असेल का कुणी?
सावद्यात शाळा आहेत, मास्तर आहेत,
कुणीही असेल.
ती प्रत तर छापून निघाली,
दीर्घ सू घेऊन, कुठल्याशा शहरातून,
ट्रेडलवर कुणाचाही पाय नसताना.

भाचा माऊसवर बोट ठेवून थांबलाय.
मी त्याला म्हणतो, थांब जरा.